बाटली घरात आली, त्याचं काय?

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तर वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये विचारायला नको. मी स्वतः कधीमधी घेतो. दारूबंदीचा कार्यकर्ता नाही, आणि कोणत्या बारवाल्याचा माणूसही नाही. माजरीच्या कोळसा खाणीत लोडर असलेल्या कामगाराचा पोरगा आहे, एवढीच ओळख पुरे.

माझ्या लहानपणी माजरीत पिणारा माणूस कुठे सापडेल हे अख्ख्या कॉलनीला माहीत असायचं. भट्टीवर. आमच्याकडे सरकारमान्य देशीच्या दुकानालाही भट्टीच म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो. पाळी सुटली की माणसं तिथे जायची. दोन बाकडे, कागदावर उकडलेले चणे, मीठ, मिरची. तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी, आपले वऱ्हाडी, सगळे एकाच बाकड्यावर. युनियनचं राजकारण तिथे, कोणाच्या पोरीला स्थळ आलं ते तिथे, कोण किती कर्जात बुडाला ते पण तिथेच कळायचं. सात-साडेसात झाले की माय मला म्हणायची, "जाय बाबू, बाबाले बलावून आन." मी जायचो. बाकी पोट्टेही आपापल्या बापाला न्यायला आलेले असायचे.

आज त्याच कॉलनीतल्या एखाद्या पोराला विचारा, बाप कुठे बसतो? तो म्हणेल, घरीच. नाहीतर रेल्वे लाइनच्या बाजूला, नाहीतर पुलाखाली. बाटली गाडीच्या डिक्कीत, ग्लास प्लास्टिकचा, आणि पाण्याचा पाउच. क्वार्टरमध्ये क्वार्टर, असा आमच्याकडे विनोद आहे. त्यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

हे सगळं आत्ता का लिहितोय? माझा पुतण्या इंग्लंडमध्ये आहे. शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. राहतो यॉर्कशायरमध्ये, बार्नस्लेकडे. तो भाग म्हणजे आपल्यासारखाच, एकेकाळचा कोळशाचा. मागे त्याने एक फोटो पाठवला. जुनी विटांची इमारत, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारावर विक्रीचा बोर्ड. खाली लिहिलं होतं, "काका, हा इथला पब. खाणीतले लोक इथे बसायचे. आपल्या भट्टीची आठवण आली."

मग मी जरा शोधून वाचलं. ब्रिटनमध्ये २००० साली साठ हजारांहून जास्त पब होते. आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. लोक एकूण पूर्वीपेक्षा कमी पितात, हे एक चांगलं कारण. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट बंद झाली. खाणी आणि कारखाने गेले तसं गिऱ्हाईक गेलं. पण एक मोठं कारण कायद्याचं आणि कराचं आहे. पबमधला बिअरचा ग्लास कर, भाडं आणि विजेचं बिल धरून महाग होत गेला. सुपरमार्केटमध्ये तीच बिअर खोक्याने स्वस्त मिळायला लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचे कामगार दुपारी पिऊन पडू नयेत म्हणून पब दुपारचे बंद ठेवायचा नियम केला होता, तो १९८८ पर्यंत चालला. २००५ पासून तर चोवीस तासांचा परवानाही मिळू लागला. म्हणजे कायदा सैल झाला, आणि तरी पब मेले. कारण पिणारा सोफ्यावर जाऊन बसला होता.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, गेली बला. पण पुढचा आकडा बघा. ब्रिटनमध्ये निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू २०१९ मध्ये साडेसात हजारांच्या आसपास होते. कोरोनात पब महिनोन् महिने बंद राहिले. मृत्यू कमी व्हायला पाहिजे होते ना? २०२३ मध्ये ते दहा हजारांच्या वर गेले. थोडी पिणाऱ्यांनी कमी केली. जे आधीच जास्त पीत होते ते घरात, एकटे, कोणी टोकणारं नसताना अजून प्यायले.

आता परत आपल्या जिल्ह्यात येऊ.

चंद्रपूरची दारूबंदी कोणाच्या मनात आलं म्हणून झाली नव्हती. २०१० च्या डिसेंबरात श्रमिक एल्गारच्या बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. पारोमिता गोस्वामी पुढे होत्या. पाचशेहून जास्त ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. समिती बसली, अहवाल आला, सरकार बदललं. शेवटी २०१५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्हा कोरडा झाला. शेजारचा गडचिरोली १९९३ पासून कोरडा होताच, वर्धा तर त्याच्याही आधीपासून. कागदावर तीन जिल्ह्यांचा सलग पट्टा तयार झाला.

पण माजरीचा नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. आपल्या पश्चिमेला वर्धा नदी. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे यवतमाळ. पाटाळ्याचा पूल ओलांडला की वणी तालुका, आणि तिथे सगळं सुरू. गाडीने अर्धा-पाऊण तास. म्हणजे आमच्यासाठी दारूबंदीचा अर्थ काय झाला? दारू एका पुलापलीकडे गेली. ज्याच्याकडे गाडी होती तो वणीला जाऊन पिऊन आला आणि रात्री त्याच पुलावरून डुलत परत आला. ज्याच्याकडे गाडी नव्हती त्याच्यासाठी पोट्टे आणून द्यायला लागले. पव्व्याला दुप्पट, कधी तिप्पट. शाळा सोडलेल्या पोरांना हा पहिला रोजगार मिळाला, हे माजरी-कुचन्यात राहणाऱ्या कोणाला सांगायची गरज नाही. आणि हा धंदा किती पुढे गेला होता ते २०१८ च्या नोव्हेंबरात दिसलं. नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे दारूची गाडी अडवायला गेले आणि तस्करांनी गाडी त्यांच्या अंगावर घातली. त्यात ते गेले.

मग २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने बंदी उठवली. रमानाथ झा समितीचा अहवाल पुढे केला: अवैध विक्री वाढली, बायका-मुलं या धंद्यात ओढली गेली, महसूल बुडाला. जुलैच्या सुरुवातीला दुकानं उघडली. रांगा लागल्या. एका बारमध्ये तर पालकमंत्र्यांच्या फोटोची आरती ओवाळली, तो व्हिडिओ तुम्ही पण पाहिला असेल.

त्या दिवसापासून आजपर्यंत आपल्याकडे एकच वाद चालू आहे. बंदी पाहिजे होती की नको होती? दोन्ही बाजूंनी तीच ती वाक्यं. बंदीवाले म्हणतात, अंमलबजावणी नीट केली नाही म्हणून फसली. सुरूवाले म्हणतात, बंदी कुठेच चालत नाही. या भांडणात एक प्रश्न कोणी विचारतच नाही. दारू परत आली, पण ती कुठे आली?

मी सांगतो. ती घरात आली. सहा वर्षं माणसाला लपून प्यायची सवय लागली. चड्डीत, टिफिनच्या पिशवीत, गाडीच्या सीटखाली आणायची आणि दार लावून संपवायची. त्यात लॉकडाऊन आलं. बाकी महाराष्ट्रात २०२० च्या मे महिन्यात दुकानं उघडली, घरपोच द्यायचीही परवानगी दिली, पण बार ऑक्टोबरपर्यंत बंद. सगळ्या राज्याला पार्सलची सवय लावली. आपल्या जिल्ह्याला ती बंदीने आधीच लावून ठेवली होती.

आणि त्यानंतरचे कायदे बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के केला. हा कर बसून पिणाऱ्यावर आहे. वाईन शॉपमधून बाटली घरी नेणाऱ्याला तो लागत नाही. जून २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं. १८० मिलीची किमान किंमत ठरली: देशी ८०, नवीन 'महाराष्ट्र मेड' १४८, विदेशी २०५. सरकारला यातून १४ हजार कोटी जादा पाहिजेत. १४ जुलै २०२५ ला बारवाल्यांनी राज्यभर बंद पाळला. त्यांचं दुःख मला फार नाही, त्यांचं ते बघून घेतील. पण धोरणाची दिशा बघा. बसणं महाग, नेणं स्वस्त. २०२२ मध्ये तर सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय झाला होता, बोंब झाली म्हणून थांबला. ब्रिटनला जिथे पोचायला पन्नास वर्षं लागली तिथे आपण दहा वर्षांत निघालोय. ते निदान कमी प्यायला तरी लागले.

इथपर्यंत लिहून मी हे मायला वाचून दाखवलं. माय आता पंचाहत्तरीत आहे. २०१५ च्या आधी चंद्रपूरच्या मोर्चाला गेलेली. मला वाटलं, शाबासकी देईल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भट्टीचं एवढं कौतुक काहून करून रायला? ते तुमच्या बापाची बैठक होती. आमी त् तिकडचा रस्ता सोडून जात होतो."

खरं आहे. मी मघाशी लिहिलं ना, सगळे एका बाकड्यावर? त्या 'सगळ्यां'मध्ये एक पण बाई नव्हती. इंग्लंडच्या पबमध्ये निदान नवरा-बायको रविवारी जेवायला जातात. आपली भट्टी कधीच गावाची नव्हती, ती पुरुषांची होती. पगाराच्या दिवशी तिथे किती पैसे उडाले याचा हिशोब मायकडे आहे, माझ्याकडे नाही. मार कोणी खाल्ला तेही तिलाच माहीत. म्हणून 'आमच्या काळातली भट्टी किती छान' असलं लिहायचा मला हक्क नाही, हे कबूल करतो.

मग मी विचारलं, "म्हणजे आता बरं हाय का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तवा तिथं पिऊन ये अन् घरी मारे. आता घरीच पेतेत अन् घरीच मारतेत. पयले दोन तास तरी घर माह्यं राहे."

हे वाक्य मला पंधरा दिवस झाले सोडत नाहीये. त्या दोन तासांत तिने आमचा अभ्यास घेतला, पैसे लपवले, शेजारच्या काकूकडे जाऊन रडून आली, उद्याचं ठरवलं. आज कॉलनीत अशी घरं आहेत जिथे त्या बाईला ते दोन तासही नाहीत. संध्याकाळी सहापासून बाटली टीव्हीसमोर आहे, आणि पोरगं त्याच खोलीत दहावीचा अभ्यास करतंय. त्याला चाखणा आणायला पाठवतात.

मायने अजून एक आठवण सांगितली. एकदा बाबांची उधारी फार झाली. ती त्या भट्टीवाल्याच्या घरी गेली, भट्टीवर नाही, घरी, त्याच्या बायकोसमोर. म्हणाली, आजपासून माझ्या नवऱ्याला उधार दिली तर मी तुमच्या दारात पोरं घेऊन बसेन. त्याने उधार बंद केली. का केली? कारण त्याला त्याच गावात राहायचं होतं, त्याची बायको त्याच नळावर पाणी भरायची. आज माय कोणाच्या घरी जाईल? पार्सल भद्रावतीहून येतं, वरोऱ्याहून येतं, वणीहून येतं. आणून देणारा पोरगा वेगळा, विकणारा वेगळा, लायसन्स तिसऱ्याच्याच नावाने. जाब विचारायला समोर तोंडच नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या गोंड गावांत मोहाची दारू पूर्वापार आहे. देवाला वाहतात, लग्नात असते, मयतीत असते. तिथे पण माणसं वाया गेलीत, मी गोडवे गात नाही. पण त्या पिण्याला जागा होती, वेळ होती, चार वडीलधारे समोर होते. आणि गंमत म्हणजे आपल्या देशाच्या कायद्याला ही गोष्ट एका ठिकाणी समजलेली आहे. १९९६ चा पेसा कायदा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला त्याने दारूवर बंदी घालण्याचा, तिचं नियमन करण्याचा आणि तिच्यावर निर्बंध आणण्याचा असे तिन्ही अधिकार देऊ केलेत. बंद किंवा सुरू, एवढ्यावर तो थांबलेला नाही.

माजरी पेसात येत नाही. आपल्याला आहे ती 'आडवी बाटली'. चौथाई बायांनी सह्या करून मागणी करायची, मग मतदान, आणि गावातल्या नोंद असलेल्या निम्म्याहून जास्त बायांची मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. झालेल्या मतदानाच्या निम्मी नाही, नोंद असलेल्यांच्या निम्मी. म्हणजे जी बाई त्या दिवशी कापूस वेचायला गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्याने जाऊ दिलं नाही, तिचं मत आपोआप दुकानदाराच्या खात्यात. एवढं करून जिंकलं तर दुकान बंद. हरलं तर दुकान तसंच, त्याच वेळेला, त्याच शाळेच्या रस्त्यावर. मधलं काहीच नाही.

मला ते मधलं पाहिजे. इंग्लंडमध्येच याचं एक उदाहरण सापडलं. १९१६ मध्ये कार्लाइल गावाजवळ दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता, कामगार पिऊन धिंगाणा करायचे. सरकारने तिथले पब आणि दारूचे कारखानेच विकत घेतले. बरेच पब बंद केले. उरलेल्यांत उजेड आणला, टेबल-खुर्च्या आणल्या, जेवण ठेवलं. आणि मॅनेजरचा पगार दारूच्या विक्रीवर ठेवला नाही. जास्त पाजली म्हणून त्याला एक पैसा जास्त नाही, जेवण जास्त विकलं तर मात्र कमिशन. हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. आपल्या सरकारने भट्टी चालवावी असं मी म्हणत नाही, देव वाचवो. मुद्दा एवढाच की विकणाऱ्याचा फायदा पुढच्या पव्व्यात नसावा, असा विचार कोणीतरी केला होता. आपल्याकडे पुढच्या पव्व्यात सगळ्यात जास्त फायदा सरकारचाच आहे.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो. आमदार-खासदारांच्या माणसांनी वाचलं तर बरंच.

एक, दुकानाचं आणि बारचं लायसन्स दरवर्षी नूतनीकरणाला जातं. ते आधी महिलांच्या ग्रामसभेसमोर यावं. चालू ठेवायचं का, कुठे, किती वाजेपर्यंत, पोरांना विकतो का, उधार देतो का. ती सभा संध्याकाळी घ्या, दुपारी बारा वाजता नको. मोजायची असतील तर आलेल्या बायांची मतं मोजा.

दोन, घरी न्यायच्या बाटलीपेक्षा बसून पिण्यावर जास्त कर लावणं बंद करा. उलट करा. माणूस चार लोकांत दिसेल तिथे पिऊ दे, त्याला कोणी 'बस झालं बे' म्हणणारं असू दे. याने मार थांबेल असं मी म्हणत नाही. मायच्या शब्दांत, दोन तास तरी घर तिचं राहील.

तीन, या जिल्ह्यातून दारूचा जो कर जातो त्यातला ठरलेला हिस्सा याच जिल्ह्यात उपचारावर खर्च करा. शेजारी गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालू आहे, डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं आणि सरकारचं. गावात संघटना आणि तालुक्याला व्यसन सोडवायचा दवाखाना. तिथे बंदी आहे तरी दवाखाना लागतो. आपल्याकडे दारू उघडी आहे आणि माणसाला सोडायची असेल तर तो कुठे जाईल? वरोरा, भद्रावती, माजरी, तुम्हीच सांगा कुठे.

बंदीवाल्या मित्रांना वाटेल मी पलटलो. सुरूवाल्यांना वाटेल मी बायांच्या बाजूने बोलतोय. दुसरं खरं आहे. २०१० मध्ये ज्या बाया चिमूरहून पायी निघाल्या त्यांना कायद्याची कलमं नव्हती पाहिजे, त्यांना रात्रीची झोप पाहिजे होती. बंदी आली, गेली, दोन सरकारांनी आपापलं श्रेय घेतलं. झोप कोणी दिली नाही.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे ते लिहा. माजरी, कुचना, पाटाळा, घुग्घुस, बल्लारपूर, वणीवाल्यांनी पण लिहा. सहमत नसाल तर जरूर सांगा, फक्त शिवीगाळ नको. ही पोस्ट माय पण वाचणार आहे, मोबाइल तिच्याचकडे असतो.